रोम, फ्लोरेन्स, व्हेनिस: सहलीतल्या फोटोग्राफीबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रोम-फ्लोरेन्स-व्हेनिस, मध्ये पिसाचा एखादा थांबा, असा सात ते दहा दिवसांचा नेहमीचा मार्ग धरून ही उत्तरं दिली आहेत. तिकिटांचे दर आणि उघडण्याच्या वेळा बदलत असतात, त्यामुळे पैसे भरण्याआधी त्या त्या वास्तूच्या अधिकृत संकेतस्थळावर एकदा बघून घ्या.

तयारी कुठून सुरू करायची? आधी कॅमेरा घ्यायचा का?

आधी नकाशा उघडा. जुन्या शहरात इमारत हलत नाही, गल्ली रुंद होत नाही. तुमच्या हातात दोनच गोष्टी आहेत: तिथे किती वाजता पोचायचं आणि कुठल्या बाजूला उभं राहायचं. म्हणून प्रत्येक वास्तूचं तोंड कुठल्या दिशेला आहे ते आधी लिहून काढा. जुन्या चर्चची वेदी बहुधा पूर्वेला असते, म्हणजे दर्शनी भिंत पश्चिमेला येते आणि तिच्यावर ऊन दुपारनंतर पडतं. फ्लोरेन्सचा डुओमो (शहराचं मुख्य चर्च), सांता क्रोचे आणि व्हेनिसची सान मार्को बॅसिलिका या तिन्ही अशा आहेत. सकाळी दहाला गेलात तर सूर्य इमारतीच्या मागे, भिंत काळवंडलेली आणि आकाश पांढरंफटक.

अपवादही मोठे आहेत. रोमच्या सेंट पीटर्सचं तोंड पूर्वेला आहे, म्हणजे ती सकाळची वास्तू. पँथिऑन या प्राचीन मंदिराचं तोंड उत्तरेला, त्यामुळे त्याचे खांब जवळपास दिवसभर सावलीत असतात. तिथे उन्हाची वाट बघू नका, संध्याकाळी दिवे लागल्यावर जा.

दिशा कळली की सूर्य दाखवणारं एखादं ॲप (फोटोपिल्स, सन सर्व्हेयर वगैरे) उघडून तुमच्या तारखेला सूर्य कुठून उगवतो, कुठे मावळतो ते बघा. घरबसल्या अर्ध्या तासाचं काम आहे.

कुठल्या ठिकाणी कुठली वेळ धरायची?

रोमपासून सुरू करू. कलोसियमची चार मजली बाहेरची भिंत फक्त उत्तरेकडे शाबूत आहे, आणि फोटोत आपल्याला हवी असते ती तीच. उत्तर बाजू असल्यामुळे तिच्यावर थेट ऊन उन्हाळ्यात अगदी सकाळी किंवा अगदी उशिरा संध्याकाळी येतं. हिवाळ्यात जवळजवळ येतच नाही. मेट्रो स्टेशनच्या वरच्या अंगाला रस्त्याचा कठडा आहे, तिथून भिंत समोर आणि थोडी खाली दिसते. सूर्यास्तानंतर कमानींमध्ये दिवे लागले की याच जागेवरून सगळ्यात चांगला फोटो मिळतो. रोमन फोरम (प्राचीन रोमच्या मुख्य चौकाचे अवशेष) बघायला कॅपिटोलिन टेकडीवरची, म्हणजे कांपिदोल्योच्या मागची गच्ची. तिथून नजर आग्नेयेला जाते, म्हणजे सकाळी सूर्य डोळ्यांत आणि संध्याकाळी पाठीशी. सेंट पीटर्सच्या घुमटामागे मावळणारा सूर्य हवा असेल तर तिबेर नदीवरच्या पोन्ते उंबेर्तो पुलावर उभे राहा. नदी, पुढचा दगडी पूल आणि मागे घुमट एका चौकटीत येतात. स्पॅनिश स्टेप्स पश्चिमेकडे तोंड करून आहेत, तिथे दुपारनंतर जा. पायऱ्यांवर बसायला २०१९ पासून बंदी आहे, दंड होतो. बसलेली पोज ठरवून गेला असाल तर ती विसरा.

फ्लोरेन्समध्ये बरेच जण डुओमोच्या घुमटावर चढायची धडपड करतात. ४६३ पायऱ्या चढून वर गेल्यावर लक्षात येतं की शहरातली सगळ्यात देखणी गोष्ट आपल्या पायाखाली आहे, फोटोत नाही. फोटोसाठी शेजारच्या जोत्तोच्या घंटामनोऱ्यावर चढा. पायऱ्या ४१४, लिफ्ट नाही. मनोरा घुमटाच्या पश्चिमेला असल्यामुळे दुपारनंतर १४३६ मध्ये पूर्ण झालेला, वास्तुकार ब्रुनेल्लेस्कीचा तो विटकरी घुमट समोरून उजळलेला दिसतो. वरच्या सज्जाला जाळी आहे: मोठी लेन्स भोकात बसत नाही, फोनची मात्र सहज बसते. कॅमेरा असेल तर लेन्स जाळीला जवळजवळ टेकवा आणि ॲपर्चर (लेन्सचं छिद्र; एफचा आकडा जितका लहान तितकं ते मोठं) उघडं ठेवा, तार धूसर होऊन नाहीशी होते.

टेकडीवरचा चौक पियाझ्झाले मिकेलांजेलो ही सूर्यास्ताची जागा, त्याबद्दल दुमत नाही. मे-जूनमध्ये सूर्य पोन्ते वेक्किओ या जुन्या पुलाच्या दिशेला मावळतो आणि डुओमो त्याच्या उजवीकडे राहतो. कठड्याची पुढची रांग सूर्यास्ताच्या तासभर आधी भरते. सूर्य बुडाला की निम्मी गर्दी निघून जाते. तुम्ही अर्धा तास थांबा. पोन्ते वेक्किओचा फोटो पश्चिमेच्या पोन्ते सांता त्रिनिता पुलावरून संध्याकाळी घ्या, ऊन थेट पुलावरच्या दुकानांवर पडतं. पूर्वेच्या पोन्ते आल्ले ग्रात्सियेवरून हेच दृश्य सकाळी उजळतं.

व्हेनिसमध्ये सान मार्कोच्या उंच घंटामनोऱ्यासमोरची रांग सोडून द्या आणि समोरच्या बेटावरच्या सान जॉर्जो माज्जोरेच्या मनोऱ्यावर जा. तिथे लिफ्ट आहे, गर्दी कमी, आणि नजर वायव्येला सान मार्कोकडे असल्यामुळे दिवसाचा बराच काळ सूर्य पाठीशी असतो. सान झाक्कारियाहून २ नंबरची वापोरेत्तो (सार्वजनिक बोट) तिथे सोडते. अकादेमिया पुलावरून सालुते चर्चकडे बघताना तोंड पूर्वेला असतं: पहाटे घुमटांची काळी आकृती, संध्याकाळी सोनेरी घुमट. दोन्ही चांगले, पण काय हवं ते ठरवून जा.

मे महिन्यात जावं की दिवाळीत?

शाळांच्या सुट्ट्यांमुळे हेच दोन पर्याय बहुतेकांकडे असतात, आणि फोटोंच्या दृष्टीने ती दोन वेगळी शहरं आहेत. मेच्या मध्यावर रोममध्ये सूर्य साधारण पावणेसहाला उगवतो आणि सव्वाआठच्या पुढे मावळतो. संध्याकाळचं चांगलं ऊन म्हणजे नेमकी ग्रुपच्या जेवणाची वेळ. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळं एक तास मागे जातात, त्यानंतर सूर्यास्त पाचच्या आसपास होतो. म्हणजे नोव्हेंबरच्या सुरुवातीला निळी वेळ (सूर्यास्तानंतर आकाश गडद निळं असतं तो थोडा काळ) गाठून सहाला हॉटेलवर परतता येतं, आणि पहाटे पावणेसातचा सूर्योदयही झेपतो. ऊन दिवसभर तिरपं असल्यामुळे भर दुपारचे फोटोही मेइतके सपाट येत नाहीत. पावसाची आणि व्हेनिसमध्ये भरतीची शक्यता मात्र वाढते. निव्वळ फोटोंसाठी विचाराल तर दिवाळी.

आम्ही टूर कंपनीबरोबर जातोय. वेळ आपल्या हातात नसते, मग काय?

पैसे भरण्याआधी दोन प्रश्न विचारा. हॉटेल नेमकं कुठे आहे, आणि मोकळा वेळ कुठल्या शहरात किती तास? ‘व्हेनिस’ लिहिलेलं हॉटेल बहुधा पलीकडे मुख्य भूमीवरच्या मेस्त्रेला असतं. त्यात बिघडत काही नाही. मेस्त्रे स्टेशन चालण्याच्या अंतरावर असेल तर रेल्वेने दहा-बारा मिनिटांत व्हेनिसच्या सांता लुचिया स्टेशनात पोचता येतं, आणि पहाटेची गाडी पकडून नाश्त्याच्या आत परतताही येतं. हॉटेल हायवेच्या कडेला असेल तर मात्र टॅक्सीचाच आधार, तो खर्च आधीच धरा.

ग्रुपची बस कुठल्याही प्रसिद्ध जागी साधारण दहा ते चारच्या मध्येच पोचवते. त्या वेळात बाहेरचे भव्य फोटो काढायचा हट्ट सोडा. तो वेळ आतल्या भागांचा, कमानींच्या सावल्यांचा, अरुंद गल्ल्यांचा. चार मीटरच्या गल्लीत ऊन उतरतं तेच मुळी मध्यान्हीला. मोठ्या वास्तू पहाटे किंवा रात्री स्वतः जाऊन करा. दहा दिवसांत अशा तीन पहाटा मिळवल्या तरी पुष्कळ.

आणखी एक. व्हॅटिकनमध्ये गाइड बऱ्याचदा सिस्टीन चॅपलमधून ग्रुपला थेट सेंट पीटर्सकडे नेतात. वेळ वाचतो, पण म्युझियमच्या बाहेर पडायच्या वाटेवरचा वास्तुकार जुझेप्पे मोमोचा १९३२ चा चक्राकार जिना हुकतो. वरून खाली बघत काढलेला तो फोटो हवा असेल तर गाइडला आधीच सांगून ठेवा.

तिकिटांचा फोटोग्राफीशी काय संबंध?

थेट संबंध आहे, कारण तिकिटावर वेळ छापलेली असते. कलोसियम, डुओमोचा घुमट, फ्लोरेन्सचं उफ्फीत्झी म्युझियम, व्हॅटिकन म्युझियम्स या सगळ्यांना वेळेचा स्लॉट असतो. कलोसियमची अधिकृत तिकिटं साधारण ३० दिवस आधी खुली होतात आणि नावावर असतात. पासपोर्टवर वडिलांचं नाव मधे असेल तर तिकिटावरही तसंच टाका, प्रवेशाला ओळखपत्र बघतात.

सुट्ट्यांचे दिवसही लिहून ठेवा. उफ्फीत्झी आणि फ्लोरेन्सचं अकादेमिया म्युझियम सोमवारी बंद. व्हॅटिकन म्युझियम्स रविवारी बंद. महिन्याचा शेवटचा रविवार उघडा आणि फुकट, म्हणून तुडुंब. सरकारी म्युझियम्स महिन्याच्या पहिल्या रविवारी फुकट असतात, त्या दिवशी फोटोची आशा धरू नका. बुधवारी सकाळी सेंट पीटर्सच्या चौकात पोपची जाहीर भेट असते: चौक खुर्च्यांनी भरलेला, आत जाणं बंद किंवा उशिरा. व्हेनिसने २०२४ पासून ठरावीक तारखांना, सकाळी ८.३० ते दुपारी ४ या वेळेत दिवसापुरत्या येणाऱ्यांकडून प्रवेशशुल्क घ्यायला सुरुवात केली. मेस्त्रे व्हेनिसच्याच पालिकेत येतं, त्यामुळे तिथे मुक्काम असेल तर शुल्क माफ, पण ऑनलाइन नोंद करून कोड जवळ ठेवावा लागतो.

कुठला कॅमेरा, किती लेन्स?

एक बॉडी, एक झूम आणि एक छोटी उजळ लेन्स. फुल फ्रेम (मोठ्या सेन्सरचा कॅमेरा) असेल तर २४-१०५ मिमी आणि सोबत ३५ मिमी एफ १.८. एपीएस-सी (त्याहून लहान सेन्सरचा) असेल तर १६-८० किंवा १८-१३५ आणि सोबत २३ किंवा २४ मिमी. डुओमोच्या भोवतालचा चौक इतका अरुंद आहे की १६ मिमीची ओढ वाटते, पण ती लेन्स दहा दिवसांत दोन-तीन ठिकाणीच लागते. ७०-२०० घरीच ठेवा. रोमचा काळा चौकोनी दगडी रस्ता दिवसाला १५ किलोमीटर चालायचा असतो. तिसऱ्या दिवशी जड बॅग हॉटेलच्या खोलीतच राहते.

नवीन कॅमेरा घेणार असाल तर निदान महिनाभर आधी घ्या आणि घराजवळच्या एखाद्या जुन्या देवळाच्या अंधाऱ्या सभामंडपात सराव करा. आतला प्रकाश तिकडच्या चर्चसारखाच असतो.

फोन पुरेल का?

उजेडात अगदी पुरेल. तीन गोष्टी सांभाळा. ०.५ ची वाइड लेन्स इमारतींना वापरू नका, कडा ताणल्या जातात. दूर जाऊन १ किंवा २ वर काढा. कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये ग्रिड चालू करा. आणि रोज सकाळी लेन्स पुसा. रात्रीच्या फोटोत दिव्यांभोवती पसरणारे पट्टे बहुतेक वेळा बोटांच्या तेलाचे असतात.

आत फोटो काढू देतात का?

सिस्टीन चॅपलमध्ये अजिबात नाही. रखवालदार दर दोन मिनिटांनी ओरडतात, आणि ते बरोबरच आहे. व्हॅटिकनच्या बाकी दालनांत फ्लॅशशिवाय चालतं. इटलीच्या सरकारी म्युझियम्समध्ये २०१४ च्या कायदाबदलापासून स्वतःसाठी, फ्लॅश आणि ट्रायपॉडशिवाय फोटो काढायला मुभा आहे. उफ्फीत्झी आणि अकादेमिया त्यात आले. चर्चमध्ये दारावरची पाटी वाचा आणि प्रार्थना चालू असेल तर कॅमेरा खाली ठेवा. खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत. नाही तर फोटोचा प्रश्न दारातच मिटतो.

अकादेमियातला मायकेलअँजेलोचा डेव्हिड हा पुतळा ५.१७ मीटर उंच आहे आणि वरच्या काचेच्या छतातून त्याच्यावर उजेड येतो. सगळे समोर दाटीवाटीने उभे असतात. दालनाच्या सुरुवातीला थांबा, दोन्ही बाजूंचे अर्धवट कोरलेले पुतळे चौकटीत घ्या आणि शेवटी डेव्हिड. मागे जाऊन काढल्यामुळे तो मान वाकडी करून बघितल्यासारखा दिसत नाही.

चर्चच्या अंधारात सेटिंग काय ठेवायची?

एफ ४, शटर १/३० सेकंद, आयएसओ (सेन्सरची उजेडाला संवेदनशीलता) ३२०० ही सुरुवात. स्टॅबिलायझेशन (हाताची थरथर सावरणारी सोय) असेल तर १/१५ पर्यंत उतरता येतं. खांबाला खांदा टेकवा, श्वास सोडून अर्ध्यावर थांबा, आणि एकाऐवजी तीन फोटो सलग काढा. मधला बहुधा सगळ्यात स्थिर येतो. आयएसओला घाबरू नका: दाणेदार फोटो सुधारतो, हललेला सुधारत नाही.

खिडक्या भगभगीत आणि बाकी काळोख ही नेहमीची तक्रार. खिडकीनुसार एक्स्पोजर धरा, रॉमध्ये (सगळी माहिती राखणाऱ्या मूळ फाइलमध्ये) काढा, सावल्या नंतर उजळा. फरक फारच असेल तर ब्रॅकेटिंग (एकच दृश्य कमी-जास्त उजेडात सलग काढणं) लावून दोन-दोन स्टॉपच्या अंतराने तीन फोटो; एक स्टॉप म्हणजे दुप्पट किंवा निम्मा उजेड. पँथिऑनमध्ये याचा चांगला सराव होतो. घुमटाचा व्यास आणि जमिनीपासून उंची दोन्ही ४३.३ मीटर, आणि उजेडाचं एकच गोल भोक वर. मध्यान्हीच्या आसपास त्यातून उन्हाचा झोत आत येतो. उन्हाळ्यात तो जमिनीवर उतरतो, हिवाळ्यात वर घुमटावरच राहतो. २१ एप्रिलला, रोमच्या वर्धापनदिनी, दुपारी तो झोत बरोबर प्रवेशदारावर पडतो.

एलईडी दिव्यांखाली फोटोत आडवे पट्टे आले तर शटर १/५० किंवा १/१०० करा. तिथली वीजही आपल्यासारखीच ५० हर्ट्झची आहे.

इमारती मागे झुकलेल्या का दिसतात?

कॅमेरा वर वळवल्यामुळे. सेन्सर भिंतीला समांतर राहिला नाही की उभ्या रेषा वर एकत्र येतात. कॅमेरा सरळ धरा, मागे जा, खालचा अर्धा भाग रस्त्याचा आला तरी येऊ द्या आणि घरी कापा. मागे जायला जागा नसेल तर वर बघूनच काढा, पण चारही बाजूंना मोकळी जागा ठेवा. लाइटरूममध्ये रेषा सरळ करताना कडा कापल्या जातात आणि शिखर गेलं तर परत येत नाही. तिसरा मार्ग म्हणजे पूर्ण इमारतीचा नाद सोडणे. डुओमोच्या हिरव्या-पांढऱ्या-गुलाबी संगमरवराचा एक तुकडा, गल्लीच्या फटीतून दिसणारा घुमट, हे फोटो समोरून काढलेल्या पूर्ण दर्शनी भागापेक्षा बहुधा सरस असतात.

आणि पिसाचा मनोरा? हात टेकवलेला फोटो नीट येत नाही.

हसू नका, हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो. गणित सोपं आहे. मनोरा साधारण ५६ मीटर उंच. फोटो काढणारा मनोऱ्यापासून दीडशे मीटरवर आणि माणूस कॅमेऱ्यापासून चार मीटरवर असला की दोघांची उंची चौकटीत जवळपास सारखी दिसते. मनोरा मोठा वाटला तर काढणाऱ्याने माणसाला जवळ बोलवायचं, लहान वाटला तर दूर पाठवायचं. हात आणि मनोरा जुळवताना हात टेकवणारा जागेवरच राहतो. डावी-उजवीकडे सरकायचं ते काढणाऱ्याने. सगळे उलटं करतात, म्हणून दहा मिनिटं जातात. फोन असेल तर फोकस आपोआप जमतो. कॅमेऱ्यावर ३५ मिमी, एफ ११, फोकस माणसावर ठेवला की मनोराही स्पष्ट येतो. शेजारच्या कॅथीड्रलची भिंत उभी ठेवा, नाही तर मनोरा सरळ आणि बाकी पिसा कललेलं दिसेल.

गर्दी कशी टाळायची?

पहाटे उठून; याला दुसरं उत्तर नाही. ट्रेव्ही कारंज्यासमोर सूर्योदयाच्या सुमाराला मोजकी माणसं असतात, नऊनंतर कठडा दिसत नाही.

उठणं जमणारच नसेल तर स्टॅकिंग करता येतं. कॅमेरा घट्ट टेकवा, दहा-दहा सेकंदांनी १५ ते २० फोटो काढा आणि फोटोशॉपमध्ये मीडियन पद्धतीने एकत्र करा. जी जागा निम्म्याहून जास्त फोटोंत रिकामी आहे तिथला माणूस पुसला जातो. म्हणून चालत्या गर्दीच्या चौकात ही युक्ती चालते आणि ट्रेव्हीच्या कठड्यावर फसते, कारण तिथे एक उठला की दुसरा बसतो. दहा स्टॉपचा एनडी फिल्टरही (लेन्सवर लावायची काळी काच) हेच काम करतो: १/३० चं शटर साधारण ३४ सेकंदांचं होतं आणि चालणारे नाहीसे होतात. पण त्याला ट्रायपॉड लागतो.

मग ट्रायपॉड न्यावा का?

मोठा नको. कलोसियम, म्युझियम्स, मनोरे, कुठेच आत नेता येत नाही. रस्त्यावर गर्दीच्या जागी पोलिस हटकतात, आणि मग तो दिवसभर वाहायचा. वीतभर उंचीचा टेबल ट्रायपॉड न्या आणि पुलाचा कठडा वापरा. दोन सेकंदांचा टायमर लावा, बटण दाबताना हलत नाही. सेल्फी स्टिकही म्युझियम्समध्ये चालत नाही.

निळी वेळ नेमकी कधी?

सूर्यास्तानंतर साधारण १५ मिनिटांनी सुरू. आपल्याकडे मुंबईत संधिप्रकाश २०-२५ मिनिटांत आटोपतो. व्हेनिस ४५ अंश अक्षांशावर असल्याने मे-जूनमध्ये तो ३० ते ३५ मिनिटं टिकतो. शहराचे दिवे आणि आकाश एकाच तेजाचे होतात ती मधली दहा मिनिटं खरी. कठड्यावर कॅमेरा असेल तर आयएसओ १००, एफ ८ आणि २ ते ८ सेकंद. हातात असेल तर आयएसओ १६००, एफ २.८, १/३०.

घरच्यांचे फोटो मुंगीएवढे येतात. काय चुकतं?

माणसं वास्तूला टेकून उभी राहतात आणि काढणारा पूर्ण वास्तू मावावी म्हणून मागे मागे जातो. उलट करा. माणसं कॅमेऱ्यापासून दोन-तीन मीटरवर, कमरेपासून वर. वास्तू दूर मागे. लेन्स ३५ ते ५० मिमी. सावलीत उभं करा, उन्हात डोळे बारीक होतात. रोम आणि फ्लोरेन्सच्या भिंती गेरू-पिवळ्या आहेत, त्यांच्यापुढे गर्द निळा, हिरवा, जांभळा खुलतो. मातकट रंग भिंतीत विरतात. पैठणी नेणार असाल तर बॅगेत वर ठेवा आणि पायात सपाट, पकड असलेलं काहीतरी घाला. पावसात तो दगड निसरडा होतो.

व्हेनिसच्या पाण्याचं वेगळं काही?

बोटीतून काढताना तुम्हीही हलत असता, म्हणून शटर १/२५० च्या खाली नको. पियाझ्झाले रोमाहून १ नंबरची वापोरेत्तो ग्रँड कॅनॉलभर प्रत्येक थांबा घेत जाते. ७५ मिनिटांचं तिकीट साडेनऊ युरो. पुढच्या उघड्या बाकांची जागा मिळाली तर ठाण मांडून बसा. दिवसाची गोंडोला ३० मिनिटांना ९० युरो, पाच जणांपर्यंत, हा पालिकेचा दर आहे. पण गोंडोलातून गोंडोलाचा फोटो येत नाही. तो पुलावरून घ्या.

बांधून ठेवलेल्या गोंडोला पहाटे चार-पाच सेकंदांच्या शटरने काढल्या की त्या पुसट हलतात आणि खुंट स्थिर राहतात. शटर ३० सेकंद केलं तर गोंडोलांचा नुसता काळा लगदा होतो.

शरद ऋतूत आणि हिवाळ्यात भरतीचं पाणी सान मार्को चौकात येतं, आणि आरशासारखं प्रतिबिंब मिळतं. ऑक्टोबर २०२० पासून मोझे नावाचे समुद्री दरवाजे मोठी भरती अडवतात, त्यामुळे गुडघाभर पाणी आता क्वचित. चौक शहरातल्या सगळ्यात सखल भागांपैकी असल्याने लहान भरतीत पातळ थर मात्र येतो, आणि फोटोला तोच हवा असतो. पालिकेचा भरतीचा अंदाज रोज ऑनलाइन असतो. पोलरायझर (चकाकी कमी करणारा फिल्टर) लावू नका, प्रतिबिंबच खातो.

किती कार्ड, बॅकअप कसा?

२४ मेगापिक्सेलचा कॉम्प्रेस्ड रॉ फोटो २५ ते ३० एमबी. दिवसाला ३०० धरले तर ९ जीबी, दहा दिवसांत ९०. २५६ जीबीच्या एका कार्डापेक्षा ६४ जीबीची तीन बरी. हरवलं तर एक तृतीयांश जातं. लॅपटॉप नेण्याची गरज नाही. ५०० जीबीचा छोटा एसएसडी (फोटो साठवायचा ड्राइव्ह) फोनला जोडा, कार्डरीडरने रोज रात्री उतरवा, आणि घरी येईपर्यंत एकही कार्ड फॉरमॅट करू नका. कार्डं खिशात, एसएसडी बॅगेत. दोन्ही एकाच बॅगेत ठेवले तर तो बॅकअप नव्हे.

विमानात बसलात की कॅमेऱ्याचं घड्याळ बदला: उन्हाळ्यात भारतापेक्षा साडेतीन तास मागे, हिवाळ्यात साडेचार. फोन स्वतः बदलतो, कॅमेरा बदलत नाही. नाही तर दोघांचे फोटो एकत्र लावताना सकाळ-दुपारची खिचडी होते.

बॅटरी आणि चार्जिंग?

सुट्या लिथियम बॅटऱ्या आणि पॉवर बँक केबिन बॅगेतच. चेक-इन बॅगेत सापडल्या तर बॅग उघडतात. मर्यादा १०० वॉट-अवर: २०,००० एमएएचची पॉवर बँक ७४ भरते, चालते. बॅटऱ्यांच्या टोकांना चिकटपट्टी लावा. मिररलेस कॅमेरा असेल तर दिवसाला दोन बॅटऱ्या धरा.

इटलीत तीन गोल पिना एका ओळीत असलेलं सॉकेट असतं. आपल्या फोन चार्जरचा बारीक दोन पिनांचा प्लग त्यात सरळ बसतो. आपला जाड तीन पिनांचा बसत नाही. ‘युरोप’ लिहिलेले जाड गोल ॲडॉप्टरही जुन्या सॉकेटात अडतात. बारीक पिनांचा एक ॲडॉप्टर आणि त्यावर घरचा चार-सॉकेटचा स्पाइक बोर्ड, हे सगळ्यात सुटसुटीत.

चोरीचं काय?

रोमचं तेर्मिनी स्टेशन, मेट्रो, व्हॅटिकनला जाणारी ६४ नंबरची बस आणि व्हेनिसचा रिआल्तो पूल इथे विशेष जपा. कॅमेऱ्याचा पट्टा आडवा, बॅग पुढे, फोनला दोरी. फोटो काढताना बॅग पायाशी ठेवू नका. गेलंच तर पोलिसांत तक्रार करून तिची प्रत घ्या, तिच्याशिवाय विमा मिळत नाही. बेवारस ठेवलेलं सामान विम्यात सहसा येत नाही, ते कलम निघण्यापूर्वी वाचा. सीरियल नंबरांचा फोटो स्वतःला मेल करून ठेवा.

महागडी उपकरणं असतील तर जातानाच भारतीय विमानतळावर कस्टम्सकडून निर्यात प्रमाणपत्र करून घ्या. वस्तू आणि सीरियल नंबर दाखवावे लागतात, म्हणून ती हातातल्या बॅगेत हवीत. परतताना ‘हे तिकडे घेतलं का’ हा वाद होत नाही.

अनोळखी लोकांचे फोटो?

गर्दीचा सहज फोटो चालतो. एकाच माणसावर रोखून काढायचा असेल तर कॅमेरा दाखवून खुणेने विचारा. दुसऱ्यांच्या मुलांचे काढू नका. कलोसियमपाशी ग्लॅडिएटरच्या वेशातले लोक हसत खांद्यावर हात ठेवतात आणि मग पैसे मागतात, थांबूच नका.

ड्रोन न्यावा का?

नको. युरोपीय संघात कॅमेरा असलेल्या ड्रोनला, तो २५० ग्रॅमच्या आतला असला तरी, चालवणाऱ्याची नोंदणी लागते. वर रोमच्या मध्यभागावर आणि व्हॅटिकनवर उडवायला बंदी.

हे फोटो विकता येतील का?

ब्लॉगवर, समाजमाध्यमांवर टाकायला हरकत नाही. विक्रीचं वेगळं आहे. इटलीच्या २००४ च्या सांस्कृतिक वारसा संहितेनुसार सरकारी ताब्यातल्या वास्तू आणि कलाकृतींच्या चित्रांचा व्यापारी वापर करायला संबंधित संस्थेची परवानगी आणि शुल्क लागतं. डेव्हिडच्या प्रतिमेवरून तिथल्या म्युझियमने कोर्टात दावे जिंकले आहेत. कॅलेंडर किंवा टी-शर्ट छापायचा विचार असेल तर आधी लेखी परवानगी घ्या.